मावशी किती मागे येते

मी त्या कारखान्यात गेले तेव्हा माझ्याजवळ एक लॅपटॉप, दोन पदव्या आणि डोक्यात भरपूर हवा होती. लॅपटॉप आणि पदव्या अजून आहेत.

कारखाना औषधाच्या बाटल्यांचा. बाटल्या बनायच्या फुटक्या काचेपासून. जुन्या बरण्या, बाटल्या, खिडक्यांची तावदानं, जे काही फुटेल ते भंगारवाले गोळा करत, कारखाना ते विकत घेई, धुऊन चुरा करी आणि भट्टीत ओती. पूर्वी भंगारवाले फाटकाशी गाडी उभी करून भाव करायचे, नाहीतर फोनवर. मग त्यांच्या संघटनेने खरेदीविक्री ऑनलाइन नेली. तिथे विकणाऱ्याचा एक प्रोग्रॅम असतो, घेणाऱ्याचा एक, आणि घासाघीस ते दोघं करतात. माणसाने फक्त आधी सांगून ठेवायचं की जास्तीत जास्त किती द्यायचे, कधीपर्यंत थांबायचं आणि मधल्या वेळात आपला हट्ट सोडत कसकसं मागे यायचं. हे ‘कसकसं मागे यायचं’ ठरवणं हा माझा विषय. त्यावर मी दोन वर्षं अभ्यास केला होता, जाडजूड प्रबंध लिहिला होता, आणि भाजी मात्र पहिल्यांदा सांगितलेल्या भावाला घेऊन घरी येत होते.

मालकांनी मला खरेदीच्या खोलीत नेलं. एक लोखंडी टेबल, दोन खुर्च्या, जुना फोन आणि अंगणाकडे उघडणारी खिडकी. खिडकीच्या कट्ट्यावर काचेचे तुकडे ओळीने मांडलेले, हिरवा, तपकिरी, निळसर, स्वच्छ. खुर्चीत पन्नाशी ओलांडलेली एक बारकी बाई बसली होती. तिच्या तळहातांवर पांढऱ्या रेघांचं जाळं होतं, जुन्या कापल्याच्या खुणांचं. मालक म्हणाले, ह्या मावशी, चौतीस वर्षं इथे आहेत, खरेदी ह्याच बघतात, तर ह्यांच्याकडून सगळं शिकून घ्या आणि मशीनला शिकवा. हे त्यांनी तिच्या तोंडावर सांगितलं. मी जमिनीकडे बघत राहिले. मावशीने मला विचारलं की जेवून आलीस का.

मग म्हणाली, “इंजिनीअरबाई, आधी भट्टी बघून ये. आपण कोणासाठी भांडतो ते तरी कळेल.”

भट्टीमास्तरांनी मला निळ्या काचेचा चष्मा दिला आणि भिंतीतल्या मुठीएवढ्या भोकाशी उभं केलं. आत पांढराशुभ्र उजेड होता आणि त्यात वितळलेली काच दुधावरच्या सायीसारखी सावकाश हलत होती. मास्तर म्हणाले, ही अकरा वर्षं विझलेली नाही. काच कमी पडली तर बाटल्या थांबतात, पण भट्टी तापतीच ठेवावी लागते, नुसती तापत ठेवायलाही इंधन तेवढंच लागतं. चार दिवसांच्या वर ते मालकांना झेपणार नाही. आणि विझू दिली तर आतली काच थिजून दगड होते, विटा तडकतात. नवी भट्टी बांधायची मालकांची ऐपत नाही, हे मास्तरांनी आवाज खाली आणून सांगितलं. त्या भोकामागे साठ घरांची चूल होती.

पुढचा महिनाभर मी मावशीच्या शेजारी बसले आणि तिचं आयुष्य मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. ती काचेतच वाढलेली. वडील खिडक्यांना काचा बसवायचे, घरभर तुकडे, त्यामुळे आपल्याला रांगायच्या वयातच चपला घातल्या होत्या असं ती सांगायची. खरंखोटं तीच जाणे. एकोणिसाव्या वर्षी ती ह्या कारखान्यात निवडणीवर लागली. निवडणी म्हणजे आलेल्या ढिगातून रंगीत काच वेगळी काढायची, झाकणं काढायची, आणि मुख्य म्हणजे कपबशांचे तुकडे शोधायचे. चिनी माती भट्टीत वितळत नाही. तांदळाएवढा कण राहिला तरी बाटलीत पांढरा खडा दिसतो आणि बाटली नेमकी तिथेच तडकते. मावशीला तो कण बघावा लागत नसे. “काच वाजते,” ती म्हणायची, “चिनी माती नुसती आपटते.”

बारा वर्षं ती निवडणीवर होती. एके दिवशी खरेदीचा कारकून आजारी पडला म्हणून मालकांचे वडील स्वतः एका गाडीवाल्याशी भाव करत होते. मावशी टोपली घेऊन बाजूने चालली होती. गाडीवाल्याने पोतं जमिनीवर टाकलं आणि ही न थांबता म्हणाली की ह्यात तीन कप आहेत. पोतं उलटं केलं. तीनच निघाले. गाडीवाला न सांगता भावात खाली आला आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या मालकांनी तिला खुर्चीत बसवलं. कारकून बरा होऊन आला तो तिच्या हाताखाली.

लग्न तिने केलं नाही. का, ते मी विचारलं नाही. भाऊ आणि वहिनीबरोबर दोन खोल्यांत राहायची. वहिनीची आणि तिची पहिली काही वर्षं धुसफूस चालायची, घरकामाला हातभार नाही म्हणून. मावशीने रविवारचा सगळा स्वयंपाक अंगावर घेतला. तरी वहिनीची तक्रार तशीच. मग भांडी घेतली. तरी तेच. शेवटी तिने एक केलं, संध्याकाळी आल्यावर पंधरा मिनिटं वहिनीजवळ बसायचं आणि आज कोण कोण आलं, कोण काय बोललं ते तिखटमीठ लावून सांगायचं. आठवड्याभरात वहिनीने भांडी परत स्वतःकडे घेतली. “दिवसभर एकट्या बाईला बातमी हवी होती,” मावशी म्हणाली, “मी आपली भांडी घासत बसले होते.”

हे ऐकून मी हसले होते. आपल्याला ह्यातून काही शिकायचं आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही.

तिची घासाघीस मात्र मी डोळे फाडून बघायची. अजून काही जुने भंगारवाले फोन करायचे. ती आधी एक भाव सांगे, अगदी अपमान होईल इतका कमी नाही, पण समोरच्याने कपाळाला हात लावावा एवढा कमी. मग एकदम मोठी उडी वर घेई. समोरच्याला वाटे, बाई नरमली. पुढची उडी त्याच्या निम्मी. त्यापुढची त्याच्या निम्मी. ऐकणाऱ्याला स्पष्ट दिसे की विहिरीचा तळ आला, आता ह्यापुढे हिच्याकडे काही नाही. तळ कधीच तिथे नसायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ही मूठ झाकलेली आहे हेसुद्धा कोणाला कळत नसे. समोरचा हलल्याशिवाय सलग दोन पावलं तिने कधी टाकली नाहीत. आणि एक पाऊल टाकताना लगेच काहीतरी मागून घ्यायची, अगदी फुसकं का असेना, गाडी सकाळी आठच्या आत आण, पोती कोरडी आण. रिकाम्या हाताने काही देऊ नये, देणाऱ्याची किंमत जाते, हे तिचं म्हणणं. सौदा ठरला की शेवटी एखादी गोष्ट आपणहून सोडायची. मी विचारलं, ठरल्यावर कशाला? तर म्हणाली की त्यालाही घरी जाऊन सांगायला काहीतरी नको का.

हे सगळं माझ्या पुस्तकांत होतं. उड्या कशा लहान करायच्या त्याची सूत्रं होती, आलेख होते. ते शोधायला विद्वानांना कितीतरी वर्षं लागली होती, आणि इथे एक बाई फोनची वायर बोटाला गुंडाळत ते करत होती. मला अक्षरशः अंगावर काटा आला, हे मी कबूल करते.

तिच्याकडे बावीस वर्षांच्या चिठ्ठ्या होत्या. प्रत्येक सौद्याची एक, त्यात कोण काय म्हणालं, आपण काय म्हटलं. मी त्या सगळ्या मशीनमध्ये भरल्या. भरण्याआधी साफ केल्या. आमच्या धंद्यात माहिती साफ करावी लागते, नको ते काढून टाकावं लागतं. चिठ्ठीत आकडे होते ते ठेवले. बाकी मजकूर फार होता, ‘गाडी आत घेऊन उतरवून देऊ’, ‘दोराचे तुकडे त्याला’, ‘ह्याच्या हमालाला दुपारी सावलीत बसू देणे’. तो मी कचरा म्हणून पुसला. तीन दिवस लागले. मग प्रोग्रॅमला एक मुदत लागते म्हणून ती मी कोठीला जोडली. कोठी म्हणजे चुऱ्याचं कोठार. त्यात जितक्या दिवसांचा चुरा शिल्लक, तितका धीर. कोठी भरलेली असली तर हटून बसायचं, रिकामी होत आली की भराभर मागे यायचं. ही कल्पना माझी स्वतःची होती आणि ती मला इतकी आवडली होती की मी ती आईलाही फोनवर समजावून सांगितली.

प्रोग्रॅम सुरू झाला. कामगारांनी त्याचं नाव ठेवलं ‘भाचा’, मावशीच्या मांडीवर शिकला म्हणून. पहिल्या दोन महिन्यांत भाच्याने मावशीपेक्षा किंचित स्वस्तात माल आणला. मालक खूश. मावशीने आकडे पाहिले, म्हणाली, चांगलं करतोय, आणि खिडकीच्या कट्ट्यावरचे तुकडे पुसायला घेतले. त्या वेळी मी तिच्याकडे नीट बघायला हवं होतं.

तिसऱ्या महिन्यात शेजारच्या एका मोठ्या कारखान्याने दुसरी भट्टी पेटवली आणि बहुतेक भंगारवाल्यांचा स्वच्छ माल एकगठ्ठा उचलला. आमच्यासाठी एकच उरला. त्याला सगळे डोंगरवाला म्हणायचे, कारण त्याच्या आवारात फुटक्या काचेचा ढीग दोन मजली घराएवढा होता. भाचा त्याच्या प्रोग्रॅमशी बोलायला बसला तेव्हा कोठीत सहा दिवसांचा चुरा होता. पाच दिवसांचा उरला, भाचा थोडा वर गेला. समोरचा हलला नाही. चार, भाचा आणखी वर. समोरचा गप्प. तीन दिवसांचा उरला तेव्हा भाचा मालकांनी दिलेल्या मर्यादेला टेकला आणि थांबला. बाटल्यांचा भाव वर्षभरासाठी ठरलेला होता, त्या मर्यादेपुढे गेलो तर निघेल ती प्रत्येक बाटली तोट्यात. समोरचा प्रोग्रॅम त्याच्या बऱ्याच वर ठाण मांडून बसला होता, जणू त्याला काही घाईच नाही.

दुपारी मालक खोलीत आले. चेहरा उतरला होता. म्हणाले, मर्यादा वाढवा, अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी की-बोर्डवर हात ठेवला. मावशी म्हणाली, थांब. आज वाढवलं तर उद्या तो आणखी मागेल, परवा आणखी. मला संध्याकाळपर्यंतचा वेळ द्या. आणि तिने मला दोन महिन्यांतली डोंगरवाल्याबरोबरची सगळी देवाणघेवाण कागदावर छापून द्यायला सांगितलं. दोघांचंही, एकही ओळ न गाळता.

ती पट्टी घेऊन एकेक ओळ वाचत बसली. मी समोर बसून नखं खात होते. तासाभराने तिने मला जवळ बोलावलं आणि पहिल्यांदा माझी चूक दाखवली, तीही न रागावता. प्रत्येक वेळी भाच्याने भराभर पावलं टाकली ती कोठी रिकामी होत असतानाच. डोंगरवाल्याच्या मशीनने दोन महिने नुसतं हे पाहिलं होतं. भाचा किती वेगाने मागे येतो त्यावरून कोठीत किती दिवस उरले ते त्याला दिसत होतं. मावशीने बावीस वर्षं कोणाला ताकास तूर लागू दिली नव्हती, आणि मी आमच्या कोठीच्या भिंतीला खिडकी पाडून दिली होती. माझे कान तापले. मी सॉरी म्हणाले, तर ती म्हणाली, ते नंतर, आधी हे बघ.

तिने पट्टी सरकवली. “आता त्याला बघ. ह्या खेपेपर्यंत दरावर तो आपण हललो की तेवढाच हलायचा, नुसती नक्कल. पण माल? आपण दहा गाड्या मागितल्या की तो बारा घ्या म्हणतो. आठ मागितल्या की अकरा. दोन महिन्यांत एकदाही तो खाली आलेला नाही. त्याला पैशाची भूक नाही गं. त्याला पाय ठेवायला जागा नाही.”

मी म्हटलं, मग दर का पाडत नाही? ती म्हणाली, कारण निवडलेला स्वच्छ माल त्याच्याकडे थोडाच आहे, त्याचा भाव तो सोडणार नाही. डोंगर आहे तो न निवडलेल्याचा. हिरवी, तपकिरी, कपबशा, सगळी खिचडी. ती निवडायला हात लागतात, आणि असे हात आता कोणाकडे आहेत? बाजारात स्वच्छ काचेला रकाना आहे, हिरवीला आहे, तपकिरीला आहे. खिचडीला रकानाच नाही. म्हणून ती विकली जात नाही, वाढत जाते. त्याने रोज सकाळी उठून त्या डोंगराकडे बघायचं आणि कपाळावर आठ्या घालायच्या.

माणसाचा आवाज ऐकून त्याच्या मनातलं ओळखणारी माणसं मी पाहिली आहेत. इथे आवाज नव्हता, चेहरा नव्हता. दोन यंत्रांनी एकमेकांना पाठवलेले आकडे होते, आणि त्या आकड्यांच्या मागे ती एका माणसाचं अंगण बघत होती, त्यात गाडी वळवायला जागा आहे की नाही इथपर्यंत. मी तो कागद शंभरदा पाहिला होता. मला त्यात फक्त आकडे दिसले होते.

तिची अट सरळ होती. न निवडलेला माल आम्ही घेतो, जितका देशील तितका, निम्म्या दराने, निवडणार आम्ही. मी सांगितलं की भाच्याला हे बोलता येणार नाही, त्याला असलं काही शिकवलेलंच नाही. ती म्हणाली, माझ्या चिठ्ठ्यांत तर पानोपानी आहे. मग मला सांगावं लागलं की ते मी पुसून टाकलं. ती हसायला लागली. “म्हणजे दाणे टाकून दिलेस आणि भुसा दळलास?”

बाजाराच्या पानावर खाली एक मोकळी चौकट असते, ‘इतर अटी’ नावाची. तिच्यात काही लिहिलं की समोरच्या प्रोग्रॅमला ते कळत नाही, तो सगळी बोलणी थांबवतो आणि आपल्या मालकाला बोलावतो. त्यात दिवस जातो. म्हणून मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की त्या चौकटीला हात लावायचा नाही. मी मावशीलाही तेच सांगितलं.

ती म्हणाली, “तेच तर हवंय. यंत्राला रकान्याबाहेरचं काही दिलं की ते माणसाला हाक मारतं. मारू दे.”

मालकांना बोलावलं. मी त्यांना धोका समजावला, कारण तो खरा होता. मर्यादा वाढवली तर तोट्यात का होईना, माल आज निघतो. चौकटीत लिहिलं तर बोलणी बंद, आणि समोरून उत्तर आलं नाही, किंवा ‘नको’ असं आलं, तर कोठी संपेल आणि भट्टी नुसती जळत राहील. मालक खिडकीशी गेले. बाहेर पाळी बदलत होती, माणसं डबे घेऊन आत येत होती. मग त्यांनी विचारलं, “मावशी, तुमची खात्री आहे?”

“आहे,” मावशी म्हणाली. पापणीसुद्धा हलली नाही.

मालकांनी मान हलवली. तिने सांगितलं तसं मी लिहिलं, चार ओळी, आणि शेवटी तिची नेहमीची मागणी, पहिली गाडी आजच हवी. मी बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली की समोरची बाजू थांबली आहे.

त्यानंतरचे तीन तास मी आयुष्यात विसरणार नाही. भट्टीमास्तर दर अर्ध्या तासाने दारात येऊन उभे राहत, काही न विचारता परत जात. मावशी मात्र निवडणीच्या शेडमध्ये निघून गेली होती. तिथले जुने लाकडी बाक तिने बाहेर काढले, पाण्याची टाकी भरायला लावली, हातमोजे मोजले. उत्तर यायच्या आत ती उत्तराची तयारी करत होती. पाचच्या सुमाराला पडद्यावर एक ओळ उमटली, प्रोग्रॅमची नव्हे, माणसाची: ‘गाडी पाठवतो. पण निवडायला खरंच माणसं आहेत का?’ मी धावत शेडमध्ये गेले. तिने हात पुसले आणि सांगितलं, लिही, मोजून साठ.

साठात मीही होते. मालकही होते, आणि त्यांची हिशेबनीस बहीणही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही बाकांवर बसलो आणि गाड्या रिकाम्या होत गेल्या. मावशी मधल्या बाकावर. बावीस वर्षं खुर्चीत बसलेली ही बाई, पण हात सुरू झाले आणि सगळ्या शेडमधलं बोलणं हळूहळू थांबलं. तिचे हात डोळ्यांच्या आधी पोचत होते. हिरवा डावीकडे, तपकिरी उजवीकडे, स्वच्छ पुढे, आणि मधेच न बघता एखादा तुकडा मागे भिरकावायची, तो कपाचा असायचा. तरुण पोरी हातातलं काम सोडून बघत होत्या. मी तिला विचारलं, मला शिकवा ना तो आवाज. तिने माझ्या हातात दोन तुकडे दिले, डोळे मीट म्हणाली. दुपारपर्यंत मला दहातले सहा ओळखता यायला लागले. माझ्या पदव्या मिळाल्या तेव्हा मला इतका आनंद झाला नव्हता.

तिसऱ्या गाडीबरोबर डोंगरवाला स्वतः आला. मी समजत होते कोणीतरी पोट सुटलेला खडूस माणूस असेल, तर सडपातळ, थकलेला गृहस्थ. तो शेडच्या दारात उभा राहून साठ माणसांकडे बघत राहिला. मग मालकांना म्हणाला की माझं मशीन मला लाल अक्षरात सांगत होतं, अजून दोन दिवस थांबा, ही मंडळी काहीही देतील. तुमची कोठी कधी संपते ते त्याला तुमच्याइतकंच ठाऊक होतं. मी थांबणार होतो. मालकांनी विचारलं, मग का नाही थांबलात? तो म्हणाला, सात वर्षांत माझ्या डोंगराबद्दल मला पहिल्यांदा कोणीतरी काही विचारलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी कोठीचा तळ दिसायला लागला तेव्हा आमचा पहिला धुतलेला चुरा वर चढला. भट्टीमास्तरांनी आत ओतला. मी पुन्हा तो निळा चष्मा लावला. पांढऱ्या उजेडात आमच्या हातचे तुकडे पडत होते, क्षणभर तरंगत होते आणि मग त्यांच्या कडा विरघळून जात होत्या. पलीकडे बाटल्यांचा खडखडाट एकदाही थांबला नाही. माझ्या बोटांना चार पट्ट्या होत्या आणि मी रडत होते, का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

पाळी सुटल्यावर मावशी टाकीशी हात धूत होती. मी शेजारी जाऊन उभी राहिले. मला भाच्याला नव्याने शिकवायचं होतं, आणि त्यासाठी एक गोष्ट कळायला हवी होती. म्हटलं, मावशी, एवढ्याशा कागदावरून तुम्हाला इतकी खात्री कशी झाली? जागा नाही म्हणून तो जास्त माल ढकलतोय हे पटलं. पण दुसरंही कारण असू शकलं असतं. त्याला पैशाची घाई असेल, जागा सोडून जायचं असेल. तुम्ही तर डोळ्यांची पापणी न हलवता ‘आहे’ म्हणालात.

तिने नळ बंद केला. हात पदराला पुसले.

“निम्मी होती,” ती म्हणाली. “निम्मी नव्हती.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. साठ घरं, अकरा वर्षांची भट्टी, आणि निम्मी खात्री. माझा आवाज चढला असावा. मी विचारलं, मग तुम्ही मालकांना पूर्ण आहे असं का सांगितलंत?

“अगं, तुला दिसला नाही का त्यांचा चेहरा? त्या वेळी त्यांना खात्रीशिवाय दुसरं काहीच नको होतं. तेवढी मिळाली की ते हो म्हणणार होते,” ती म्हणाली. “माझ्याजवळ निम्मीच होती. उरलेली मी घरची घातली.”

आणि मग मला तिचे हात दिसले. चौतीस वर्षं काच हाताळलेले ते हात, पुसून झाले तरी ती पदर सोडत नव्हती, कारण सोडला की ते थरथरत होते. परवापासून थरथरत असणार. बाकावर बसून साठ जणांसमोर त्यांना कामाला लावलं म्हणून कोणाला दिसले नव्हते. मी दोन्ही हात माझ्या हातांत घेतले आणि ते थांबेपर्यंत तशीच उभी राहिले.